लायसन्सची मुदत संपलीय की संपत आलीय? पोर्टल उघडण्याआधी हे वाचा

पाकिटातलं लायसन्स बाहेर काढा आणि त्यावरची मुदत वाचा. आत्ताच. पीयूसी आणि विम्याची तारीख आपल्याला तोंडपाठ असते, कारण त्यांचे मेसेज येत राहतात. लायसन्सची तारीख मात्र नाकाबंदीला हवालदार वाचून दाखवतो तेव्हा कळते. त्यात २०१९ पूर्वी लायसन्स वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत मिळायचं. त्यामुळे २००५-०६ च्या सुमारास कॉलेजात असताना ज्यांनी हौसेने पक्कं लायसन्स काढलं, त्या सगळ्या मंडळींची मुदत आता संपत आली आहे.

स्वतःचं नूतनीकरण, मग वडिलांचं, मग सोसायटीतल्या दोघाचौघांचं असं करता करता एक गोष्ट लक्षात आली. लोक अडकतात ते आरटीओत नाही आणि फारसं पोर्टलवरही नाही. ते अडकतात तारीख, नंबर आणि नाव या तीन गोष्टींवर, आणि या तिन्ही घरबसल्या तपासता येतात. म्हणून पोर्टलचा भाग मी मुद्दाम मागे ठेवलाय. खालची माहिती महाराष्ट्रातल्या आरटीओंसाठी आहे.

१. आधी तारीख नीट वाचा

कार्डावर कधी कधी दोन तारखा असतात. एनटी म्हणजे खासगी वाहन, टीआर म्हणजे व्यावसायिक वाहन. टीआरची मुदत पाच वर्षांची असते, म्हणून ती आधी संपते आणि माणूस उगाच घाबरतो. तुम्ही फक्त स्वतःची कार आणि स्कूटर चालवत असाल तर एनटीची तारीख बघा. टेम्पो किंवा छोटी मालवाहू गाडी चालवणाऱ्यांसाठी एक माहिती: साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या व्यावसायिक वाहनाला एलएमव्ही (म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स पुरतं, वेगळी टीआर नोंद लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. प्रवासी वाहतुकीच्या बॅजचा मामला वेगळा, तो यात मिसळू नका.

आता मुदतीचा हिशोब. मोटार वाहन कायदा १९८८ चा, पण त्यातली मुदतीची कलमं २०१९ च्या दुरुस्तीत बदलली आणि जुने ठोकताळे तिथेच बाद झाले.

- मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो.
- मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणी नाही, पण जादा पैसे पडतात.
- एक वर्ष उलटून गेलं की गाडी चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती. ‘पाच वर्षांपर्यंत काही होत नाही’ असं सांगणारे काका त्या काळातले.
- मुदत संपल्यानंतर तीस दिवस लायसन्स चालायचं, ती सोयही काढून टाकली आहे. संपलं त्या तारखेला संपलं.

नवीन मुदत किती मिळणार हे नूतनीकरणाच्या दिवशी तुमचं वय काय आहे त्यावर ठरतं. तिशीच्या आत असाल तर चाळिसाव्या वर्षापर्यंत, तीस ते पन्नास असाल तर सरसकट दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्न असाल तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच वर्षं.

यात एक फायद्याची गोष्ट दडलेली आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं ते चाळीस पूर्ण झालेल्यांना. तुमचं लायसन्स चाळिसाव्या वाढदिवसाच्या आसपास संपत असेल तर चाळीस पूर्ण होण्याआधीच अर्ज टाका, डॉक्टरची फेरी वाचते. नवी मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे लवकर केलं तर जुन्यातले काही महिने बुडतात हे खरं. दहा वर्षांच्या हिशोबात तेवढं सोडून द्यावं.

मुदत संपलेली असताना गाडी चालवणं म्हणजे कायद्याच्या भाषेत विनालायसन्स चालवणं. दंड पाच हजार रुपये, आणि कलमात तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. गाडी दुसऱ्याची असेल तर ती चालवायला दिल्याबद्दल मालकालाही वेगळा दंड. पण माझ्या मते खरी भीती दंडाची नाही, विम्याची आहे. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्स मागते, आणि त्या दिवशी ते चालू नव्हतं असं दिसलं की गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

२. नंबर पोर्टलवर सापडतो का ते बघा

सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर, नंबराचा साचा ठरलेला आहे: एमएच, मग आरटीओचा कोड (पुणे १२, पिंपरी-चिंचवड १४, सातारा ११, नाशिक १५, असे), मग लायसन्स दिलेलं वर्ष चार आकड्यांत, मग सात आकडी क्रमांक. जुन्या लायसन्सवर हा शेवटचा क्रमांक चार-पाच आकडीच असतो. तेव्हा त्याच्या डावीकडे शून्यं भरून सात आकडे पूर्ण करायचे. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असा लाल अक्षरांतला संदेश बघून हताश झालेल्या निम्म्या लोकांचं काम या शून्यांनीच होतं.

उरलेल्यांचं लायसन्स पुस्तकाच्या किंवा कागदाच्या काळातलं असतं आणि ते संगणकावर चढलेलंच नसतं. याला आरटीओत बॅकलॉग म्हणतात. इथे घरून काही होत नाही. मूळ लायसन्स घेऊन ज्या आरटीओने ते दिलं तिथे जायचं आणि ‘बॅकलॉग एंट्री करून द्या’ असं स्पष्ट सांगायचं. ती झाल्याशिवाय पुढची एकही पायरी चालत नाही, म्हणून असं लायसन्स असलेल्यांनी मुदत संपायची वाटच बघू नये.

लायसन्स हरवलेलंच असेल तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करा (महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन होते) आणि दुय्यम प्रतीचा अर्ज नूतनीकरणासोबत करा.

३. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवा

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. नूतनीकरण घरबसल्या करायचं तर आधारवरून ओळख पटवावी लागते. म्हणजे आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार आणि आधारवरचं नाव लायसन्सवरच्या नावाशी ताडून बघितलं जाणार.

आपल्याकडे ही नावं कशी कशी असतात बघा. लायसन्सवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. बायकांचं तर विचारूच नका: लायसन्स माहेरच्या नावाने कॉलेजात असताना काढलेलं, आधार सासरच्या नावाने. जन्मतारखेचं आणखी वेगळं. गावाकडच्या शाळेत मास्तरांनी पहिलीच्या पटावर सरसकट १ जून लिहिलेली, लायसन्सला शाळेचा दाखला जोडला म्हणून तिथे १ जून, आणि आधार काढताना आईने सांगितलेली खरी तारीख. असे लोक ओळखीत प्रत्येकाच्या निघतील.

स्पेलिंगमधला किरकोळ फरक कधी चालून जातो, कधी जात नाही. फरक मोठा असेल तर दोन वाटा. एक, आधार दुरुस्त करून घ्यायचं. दोन, लायसन्सवरचं नाव बदलण्याची वेगळी सेवा निवडायची आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र जोडायचं. कुठली वाट धरायची हे तुमच्या पॅन, पासपोर्ट आणि बँकेत कुठलं नाव आहे त्यावर ठरवा. बहुमत ज्या नावाचं, ते नाव ठेवा.

आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन जोडून घ्या. घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत बहुधा जुना, कधीच बंद पडलेला नंबर जोडलेला निघतो.

४. कागदपत्रं

- मूळ लायसन्स, दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो किंवा स्कॅन
- आधार कार्ड
- पत्ता बदलायचा असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पासपोर्ट आकाराचा फोटो
- कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या किंवा निळ्या पेनने केलेली सही
- चाळिशीच्या आतल्यांसाठी फॉर्म १, म्हणजे प्रकृती ठीक असल्याचं स्वतःचं घोषणापत्र
- चाळीस पूर्ण झालेल्यांसाठी आणि टीआरवाल्या सगळ्यांसाठी फॉर्म १-ए, डॉक्टरचं प्रमाणपत्र

फोटो आणि सहीच्या फाइलचा आकार पोर्टलला फार लहान लागतो, वीस केबीच्या आत. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो थेट चढत नाही. फाइल लहान करताना चेहरा ओळखू येतोय ना ते बघा, कारण तोच फोटो कार्डावर छापला जातो आणि दहा वर्षं मिरवावा लागतो. सहीचा फोटो काढताना कागदाच्या कडा कापून फक्त सही ठेवा, नाहीतर कार्डावर सहीच्या जागी मुंगी दिसते.

गाव बदललं असेल तर पत्ता याच अर्जात बदलून घ्या. साताऱ्याचं लायसन्स असलेला माणूस पुण्यात नूतनीकरण करू शकतो, त्यासाठी मूळ आरटीओत जायची गरज नाही. नूतनीकरण आणि पत्ताबदल या दोन्ही सेवांवर एकदमच टिक करता येते, म्हणजे कार्ड एकदाच छापून येतं.

५. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टर आधी शोधून ठेवावा

छापील फॉर्म १-ए घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून सही-शिक्का आणणं, ही जुनी पद्धत आता पुरत नाही. प्रमाणपत्र डॉक्टरांनी स्वतःच्या लॉगिनने सारथीवर चढवायचं असतं. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा: ‘तुमच्याकडे सारथीचं लॉगिन आहे का?’ नसेल तर तपासणीची फी देऊ नका. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना असे डॉक्टर ठाऊक असतात. जाताना अर्ज क्रमांक, आधार आणि चष्मा बरोबर ठेवा. अर्ज क्रमांक सोबत लागतो, म्हणजे आधी अर्ज भरून घ्यायचा आणि मगच डॉक्टरकडे जायचं, हा क्रम उलटा करू नका.

तपासणीत विशेष काही नसतं. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू कसं येतं, फिट किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे का, हातपाय धड आहेत का. चष्मा लावून वाचता आलं तर चालतं. रंग ओळखण्यात थोडी अडचण असणाऱ्यांना २०२० पासून सवलत आहे, सौम्य आणि मध्यम दोष असेल तर लायसन्स मिळू शकतं.

वडिलांना मी नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खिडकीपाशी उभं केलं आणि खाली रस्त्यापलीकडे लावलेल्या रिक्षाचा नंबर वाचायला सांगितला. एक आकडा चुकला. डॉक्टरांनी काही न बोलता चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी हातात दिली आणि ‘नवीन चष्मा करून या, मग चढवतो’ म्हणाले. वडील घरी येईपर्यंत धुसफुसत होते. मला तो डॉक्टर फार आवडला. माणसाकडे मान वर करूनही न बघता प्रमाणपत्र देणारेही भेटतात. घरातली सत्तरीतली व्यक्ती गाडी चालवणार असेल तर ही तपासणी खरी झालेली बरी.

६. आता पोर्टल

पत्ता नीट बघा: परिवहन डॉट गव्ह डॉट इन. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसलेली कुठलीही साइट, कितीही सरकारी दिसली तरी, बंद करा. शोधल्यावर वर वर येणाऱ्या काही साइट फॉर्म भरून घेऊन सेवाशुल्क उकळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ’ नावाची एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर ती उघडायचीच नाही, बँक खातं रिकामं करायचा तो धंदा आहे.

राज्य महाराष्ट्र निवडा, मग लायसन्सविषयक सेवांच्या यादीतून ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवा. नंबर, जन्मतारीख आणि कॅप्चा टाकला की तुमचा जुना फोटो आणि नोंदी समोर येतात. इथे घाई नको. नाव, रक्तगट, वाहनाचे प्रकार, मोबाइल नंबर, सगळं वाचून घ्या. मोबाइल जुना असेल तर तो आधी बदला, कारण पुढचे सगळे ओटीपी आणि कार्डाची खबर त्यावरच येणार.

सेवांमध्ये ‘रिन्यूअल’वर टिक करा. शेजारी ‘रिप्लेसमेंट’ आणि ‘डुप्लिकेट’ असतं, त्यात गल्लत होते. रिप्लेसमेंट म्हणजे खराब झालेलं किंवा जुनं कार्ड बदलून घेणं, त्याने मुदत वाढत नाही. ‘आधारद्वारे’ की ‘आधारशिवाय’ असं विचारलं जाईल तेव्हा तिसऱ्या पायरीतली तयारी झालेली असेल तर आधार निवडा, आरटीओची फेरी टळते. आधारशिवाय निवडलंत तर अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागदांसकट जावं लागतं, तिथे फोटो आणि पडताळणी होते. तेही काही भयंकर नाही, फक्त सकाळ जाते.

अर्ज क्रमांक आला की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग कागद चढवा, फोटो-सही चढवा, फी भरा.

संगणकाची सवय नसेल तर महा-ई-सेवा केंद्रात किंवा सीएससीत (कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये) जाऊन भरून घ्या, तिथे रीतसर पावती मागा. एजंटकडे जायला माझी ना नाही, वेळ नसलेल्या माणसाने पैसे मोजून काम करून घेतलं तर त्यात गैर काय? पण एक अट पाळा: अर्जात मोबाइल नंबर तुमचाच हवा. एजंट सोयीसाठी स्वतःचा टाकतात, आणि मग पुढच्या प्रत्येक कामाला तुम्हाला त्याचं दार गाठावं लागतं.

७. पैसे

मुदतीत अर्ज केला तर नूतनीकरणाचे २०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये ही मूळ फी. पत्ताबदल जोडला तर त्याचे वेगळे. उशीर झाला असेल तर नियमांच्या तक्त्यानुसार २०० ऐवजी ३००, आणि उशिराच्या प्रत्येक वर्षाला किंवा त्याच्या भागाला १,००० रुपये जादा. म्हणजे दोन-चार महिने उशीर झाला तरी हजाराची फोडणी. एकूण रक्कम पडद्यावर दिसते, तेवढीच भरायची.

पैसे खात्यातून गेले आणि पडदा पांढरा पडला तर लगेच पुन्हा भरू नका. ‘व्हेरिफाय पे स्टेटस’ नावाचा पर्याय आहे, त्यात अर्ज क्रमांक टाका. बऱ्याचदा तिथून पावती निघते.

आणि शेवटच्या आठवड्यावर काम ठेवू नका. ३१ जानेवारी ते १२ फेब्रुवारी २०२४ या काळात सारथी पोर्टलच बिघडलं होतं. तेव्हा केंद्राने त्या दिवसांत मुदत संपलेल्यांना २९ फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. दर वेळी मिळेलच असं नाही.

८. वर्ष उलटून गेलं असेल तर चाचणी

चाचणीला गाडी आपली आणायची, ज्या प्रकारचं लायसन्स त्या प्रकारची. गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवं. ते बघितल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. दोन्ही प्रकार असतील तर दुचाकीची वेगळी, कारची वेगळी, आणि प्रत्येक प्रकाराची चाचणी फी ३०० रुपये.

वीस वर्षं गाडी चालवणारेच इथे नापास होतात, कारण सवयी पक्क्या झालेल्या असतात. सीटबेल्ट न लावता गाडी सुरू करणं, वळताना इंडिकेटर विसरणं, दुचाकीवर पाय टेकवणं, चढावर गाडी मागे घरंगळू देणं. आदल्या दिवशी रिकाम्या मैदानात रिव्हर्स आणि आठचा आकडा काढून बघा. आणि गाडी चालवत चाचणीला जाऊ नका, तुमचं लायसन्स संपलेलं आहे. लायसन्सवाला कोणीतरी बरोबर न्या.

९. अर्ज मंजूर होईपर्यंत आणि त्यानंतर

फीची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. जुनी मुदत संपली असेल तर मंजुरी येईपर्यंत गाडी घरीच. मंजुरी आली की मात्र कार्डाची वाट बघायची गरज नाही: डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नवीन मुदत दिसू लागली की ते लायसन्स पोलिसांना दाखवायला कायद्याने चालतं. २०१८ मध्ये केंद्रीय नियमांत तशी दुरुस्ती झाली आहे. फोनमधला जुना स्क्रीनशॉट किंवा झेरॉक्स मात्र चालत नाही, अ‍ॅप उघडूनच दाखवायचं.

कार्ड टपालाने घरी येतं. दिवसभर घर बंद असेल तर शेजाऱ्यांना किंवा पोस्टमनला सांगून ठेवा, नाहीतर ते परत आरटीओत जातं आणि तिथून सोडवून आणावं लागतं.

परदेशी जाणाऱ्यांनी हे सगळं निघण्याआधी उरकावं. आंतरराष्ट्रीय परवाना फक्त एक वर्षाचा असतो आणि तो मिळण्यासाठी इथलं लायसन्स चालू असावं लागतं. वर्षभर आधी अर्ज करण्याची सोय अशांच्या फार कामाची आहे.

कार्ड हातात आलं की लिफाफा फेकण्याआधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, वाहनांचे प्रकार आणि नवी मुदत ताडून बघा. दुचाकीची नोंद गळून नुसती कार उरलेली कार्डं मी पाहिली आहेत. चूक दिसली तर त्याच आठवड्यात अर्ज क्रमांक आणि जुन्या कार्डाची प्रत घेऊन आरटीओत जा.